तीस महिन्यांनंतर

सात-आठ महिन्यांचं बाळ आईच्या मांडीवर, टेबलाशी बसलेलं असतं. समोरच्या ताई दोरी बांधलेली लाल रिंग टेबलावर ठेवतात. रिंग लांब, दोरीचं टोक बाळाच्या हाताशी. बाळ रिंगेकडे बघतं, ताईंकडे बघतं, मान वळवून आईकडे बघतं. मग हात दोरीवर पडतो, दोरी ओढली जाते, रिंग सरकत जवळ येते. आईच्या चेहऱ्यावर हसू फुलतं आणि ताई कागदावर एक खूण करतात. पुढे लाकडी ठोकळे येतात, घंटा येते, कपाखाली लपवलेली वस्तू येते. बाळ आवाजाकडे वळतं का, वस्तू या हातातून त्या हातात घेतं का, अनोळखी माणसाला बुजतं का, हे सगळं बारकाईनं पाहिलं जातं.

अशा तपासणीची भारतीय मोजपट्टी बडोद्यात घडली, हे बडोदेकरांनाही फारसं माहीत नसतं. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या बालविकास विभागात डॉ. प्रमिला फाटक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या बाळांचा महिनोन्‌महिने पाठपुरावा केला. परदेशी तक्त्यांवर आपली मुलं मोजण्याऐवजी आपलं बाळ कधी बसतं, कधी उभं राहतं, कधी नावाला ओ देतं, याचे आपले आकडे त्यांनी काढले. १९७० मध्ये ते प्रसिद्ध झाले. पुढे १९९७ मध्ये सुधारित स्वरूपात आलेली ‘डासी’ ही चाचणी आजही देशभरातल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि बालविकास केंद्रांच्या वापरात आहे. तिच्यात शारीरिक हालचालींच्या ६७ आणि मानसिक विकासाच्या १६३ बाबी आहेत. बडोद्याच्या याच निष्कर्षांतून १७ बाबी निवडून तिरुवनंतपुरममध्ये एक छोटा तक्ता तयार झाला. तो घेऊन आरोग्यसेविकाही बाळाची प्राथमिक पाहणी करू शकते.

‘डासी’ ही चाचणी पहिल्या महिन्यापासून तिसाव्या महिन्यापर्यंतची आहे. तेवढ्यासाठीच ती केलेली आहे, त्यामुळे त्यात तिचं उणं काही नाही. माझा प्रश्न पुढचा आहे. अडीच वर्षांपर्यंत आपण बाळाच्या प्रत्येक नजरेची नोंद घेतो. मग मूल शाळेत जातं आणि मोजायला एकच गोष्ट उरते, ती म्हणजे मार्क. दहा-अकराव्या वर्षी त्याच मुलाच्या मेंदूत आणि मनात दुसरी मोठी उलथापालथ सुरू होते, तेव्हा तितक्या लक्षपूर्वक त्याच्याकडे बघणारं कुणी समोर बसलेलं नसतं. ते बघणं पुन्हा सुरू करायला हवं आणि त्यातलं बरंचसं घरच्यांना, शेजाऱ्यांना, शिक्षकांना जमण्यासारखं आहे.

आधी ही उलथापालथ म्हणजे काय ते पाहू. मेंदूचे सगळे भाग एका वेगानं पक्व होत नाहीत. भावना, भीती, बक्षिसाची ओढ यांच्याशी संबंधित आतले भाग वयात येतानाच्या संप्रेरकांबरोबर जोरात जागे होतात. थांब, विचार कर, परिणाम काय होईल ते बघ, असं सांगणारा कपाळामागचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो. १९९९ मध्ये मेंदूसंशोधक जे गीड आणि सहकाऱ्यांनी एमआरआयच्या मदतीनं दाखवलं, की या पुढच्या भागातलं करडं द्रव्य अकरा-बारा वर्षांच्या सुमारास सर्वाधिक असतं आणि मग कमी होऊ लागतं. जी जोडणी वापरात असते ती पक्की होते आणि वापरात नसलेली छाटली जाते. म्हणून या वयात शिकलेलं वाद्य, खेळ, भाषा अंगात मुरते. आणि याच वयात सतत वाट्याला आलेला अपमानही मुरतो.

मित्रांचं वजनही याच काळात अचानक वाढतं. २००५ मध्ये मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी संगणकावरचा गाडी चालवण्याचा खेळ वेगवेगळ्या वयाच्या लोकांना दिला, कधी एकट्यानं, तर कधी सोबत मित्र असताना. मित्र असताना किशोरवयीन मुलांनी कितीतरी जास्त धोके पत्करले. चोविशीच्या पुढच्यांमध्ये असा फरक जवळजवळ दिसला नाही. याची दुसरी बाजू पालकांनी ध्यानात घ्यावी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मित्रांच्या देखत चौदा वर्षांच्या मुलाला ‘कमी पडलेल्या मार्कां’वरून बोललं, तर तो घाव घरात बोलल्यापेक्षा अनेक पटींनी खोल जातो. तो उद्धट उत्तर देतो तेव्हा बहुतेक वेळा तो लाज लपवत असतो.

झोपेचंही तसंच. किशोरवयात मेलॅटोनिन हे झोपेचं संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागतं. साडेनऊला झोप न येणं हा त्या वयाचा आळस किंवा हट्ट नसतो. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास झोप लागते. आता आपल्या शहरातला एखादा दिवस डोळ्यांपुढे आणा. सकाळी सातची शाळा, दुपारी जेवण, मग क्लास, रात्री आठ-नऊला घर, जेवण, गृहपाठ, मग अंथरुणात मोबाइल, बारा. साडेपाचला गजर. पाच-साडेपाच तासांच्या झोपेवर आठवडे काढणारं मूल चिडचिडं, विसरभोळं आणि उदास होणारच. अनेक घरांत मी हेच सुचवेन: मानसिक आरोग्याची पहिली दुरुस्ती करायची तर वेळापत्रकातला एक क्लास कमी करा आणि रात्री मोबाइल बैठकीच्या खोलीत चार्जिंगला लावा, सगळ्यांचे, आईबाबांचेसुद्धा.

किशोरवय हा टप्पा आपल्याकडे होता तरी का, असा प्रश्न महाराजा सयाजीराव विद्यापीठातल्याच मानवी विकासाच्या प्राध्यापक टी. एस. सरस्वती यांनी १९९९ मध्ये मांडला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की एकत्र कुटुंबात, विशेषतः मुलींच्या बाबतीत, बालपण सरळ मोठेपणात उतरायचं. कामं, जबाबदाऱ्या, लहान भावंडं सांभाळणं हे सगळं आठव्या-नवव्या वर्षापासूनच सुरू असायचं, मग मधला वेगळा काळ फारसा उरत नसे. शहरी मध्यमवर्गात मात्र तो काळ तयार होत गेला. मला हे फार नेमकं वाटतं. दांडिया बाजारातल्या एखाद्या जुन्या मराठी घरात पणजीचं लग्न चौदाव्या वर्षी झालेलं असतं आणि पणती बाविसाव्या वर्षीही स्पर्धा परीक्षेची तयारी करत असते. शरीर लवकर वयात येतं, पण स्वतःच्या पायावर उभं राहणं लांबत जातं. मधली दहा-बारा वर्षं मूल मोठंही असतं आणि अवलंबूनही. त्या वर्षांत त्याच्या स्वतःच्या मालकीचं काय असतं? बहुतेक घरांत फक्त निकाल. तो बिघडला की त्याच्याजवळ काहीच उरत नाही, असं त्याला वाटलं तर नवल नाही.

बडोद्याच्या इतिहासात एका बारा वर्षांच्या मुलाची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, पण ती या बाजूनं क्वचित सांगितली जाते. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ २७ मे १८७५ रोजी दत्तक गेला आणि महाराज सयाजीराव गायकवाड झाला. गाव, आई, भाषेचा लहेजा, अंगावरचे कपडे, सगळं एका दिवसात बदललं. त्याच वर्षाअखेरीस एफ. ए. एच. एलियट शिक्षक म्हणून आले. मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी अशा चार भाषा, शिवाय घोडेस्वारी आणि कुस्ती. दिवस गच्च भरलेला. डिसेंबर १८८१ मध्ये, अठराव्या वर्षी, पूर्ण राज्यकारभार हाती. पुढे तरुणपणीच निद्रानाशानं ते हैराण झाले आणि १८८७ मध्ये प्रकृतीसाठी पहिल्यांदा युरोपला गेले. याच माणसानं १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं. त्यांच्या यशाचं श्रेय देताना आपण बुद्धी आणि कष्ट मोजतो. त्या बालपणात आणखी दोन गोष्टी होत्या. त्यांचे भाऊही बडोद्यात आले आणि त्यांच्यासोबत शिकले. आणि वर्षानुवर्षं त्यांच्यात मनापासून रस घेणारा एक शिक्षक होता.

ही दुसरी गोष्ट संशोधनात पुन्हापुन्हा समोर येते. हवाईमधल्या काउई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे काही दशकं मागोवा घेतला. गरिबी, घरातले तंटे, आईवडिलांचं व्यसन किंवा आजारपण अशा अनेक अडचणींत वाढणाऱ्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं सक्षम, मायाळू, स्थिर माणसं झाली. त्यांच्यात एक गोष्ट समान होती: किमान एक असं मोठं माणूस, ज्याला ते मूल काहीही झालं तरी हवं होतं. ते आईवडीलच असतील असं नाही. आजी असेल, मामा असेल, पीटीचे सर असतील. आपल्या ओळखीतल्या एखाद्या मुलाच्या आयुष्यातलं ते माणूस आपणच असू शकतो, आणि कदाचित आपल्याला ते ठाऊकही नसतं.

आता थोडे आकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दहा ते एकोणीस वयाच्या दर सातांपैकी एका मुलाला कुठली ना कुठली मानसिक समस्या असते. आयुष्यात होणाऱ्या मानसिक आजारांपैकी निम्मे चौदाव्या वर्षाच्या आत सुरू झालेले असतात. बंगळुरूच्या निम्हान्सनं २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तेरा ते सतरा वयोगटात हे प्रमाण ७.३ टक्के निघालं. चाळीस मुलांच्या वर्गात तीन. आणि २०२२ या एका वर्षात देशात तेरा हजारांहून जास्त विद्यार्थ्यांनी आयुष्य संपवल्याची राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची नोंद आहे.

वर्गातली ही तीन मुलं ओळखायची कशी? मोठ्यांच्या नैराश्यात उदासी दिसते. मुलांच्या नैराश्यात अनेकदा चिडचिड दिसते, म्हणून ते ‘वयाचा दोष’ म्हणून निसटतं. लहान मुलांत पोटदुखी, डोकेदुखी, रात्री अंथरूण ओलं होणं, आईला चिकटून राहणं. मोठ्या मुलांत झोप आणि भूक बदलणं, मित्र तुटणं, आवडत्या गोष्टी सुटणं. बडोद्यात एक खूण फार बोलकी असते. जी मुलगी दरवर्षी गणपती उठले की चणिया-चोळीचं ठरवायला लागते, मैत्रिणींबरोबर गरब्याचे पास मिळवायला धडपडते, ती यंदा म्हणते, ‘मला नाही जायचं, तुम्ही जा.’ एका रात्री कंटाळा येऊ शकतो. पण नऊच्या नऊ रात्री ती खोलीत बसली आणि पुढे उत्तरायणलाही गच्चीवर आली नाही, तर मार्क कितीही चांगले असोत, लक्ष द्यायलाच हवं. बदल दोन आठवड्यांहून जास्त टिकला आणि रोजच्या जगण्यात आडवा येऊ लागला, तर वाट बघू नये.

काळजीचा विकार, ज्याला डॉक्टर अँग्झायटी म्हणतात, तोही सर्रास दिसतो आणि तो कसा वाढतो हे पालकांना कळलं तर अर्धं काम होतं. समजा सातवीतला मुलगा आहे. वर्गात उभं राहून वाचताना तो अडखळला आणि मुलं हसली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं पोट दुखतं. हे ढोंग नव्हे. भीतीत पोटाचे स्नायू आवळतात, खरंच दुखतं. आई घरी ठेवते. नऊ वाजता पोट थांबतं. त्या सुटकेत मेंदू एक धडा शिकतो: शाळा धोक्याची होती, घरी राहिलो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती जास्त लवकर आणि जास्त जोरात येते. मग सोमवार बुडतो, मग तोंडी परीक्षेचा दिवस बुडतो, मग आठवडा. टाळल्यानं भीती पोसली जाते. म्हणून उपचारात उलट्या दिशेनं, पण अगदी छोट्या पायऱ्यांनी जातात. आधी घरात आजीसमोर एक परिच्छेद वाचायचा. मग शेजारच्या मित्रासमोर. मग रिकाम्या वर्गात, फक्त बाई असताना. मग बाकावर बसूनच दोन ओळी. प्रत्येक पायरीवर भीती चढते, थोडा वेळ टिकते आणि ओसरते. ती ओसरते हे मुलानं स्वतः अनुभवणं हाच उपचाराचा गाभा आहे. फरपटत शाळेच्या फाटकात सोडून येणं आणि महिनाभर घरी ठेवणं या दोन्ही गोष्टींनी नुकसानच होतं.

कधीकधी मात्र भीती खऱ्या घटनेतून येते. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्यातल्या हरणीच्या तलावात सहलीला आलेल्या मुलांची बोट उलटली. १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. काही मुलं त्या पाण्यातून वाचली. त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं आणि हजारो मुलांनी आपलं दप्तर, आपलं अंथरूण चिखलात गेलेलं पाहिलं. अशा घटनेनंतर पहिले काही आठवडे वाईट स्वप्नं, दचकणं, पाण्याची भीती, तोच प्रसंग खेळात पुन्हापुन्हा खेळणं हे अपेक्षित असतं आणि बहुतेक मुलांत ते हळूहळू ओसरतं. लगेच सगळ्यांना एकत्र बसवून ‘काय झालं ते सांगा’ असं वदवून घेणं उपयोगाचं नाही. जागतिक आरोग्य संघटना तसं करू नका असंच सांगते. करायचं ते साधं आहे. मूल सुरक्षित आहे ना ते बघा, बोलेल तेवढं ऐका, लागेल ती मदत जोडून द्या. रोजचं जेवण, शाळा, झोपेची वेळ शक्य तितक्या लवकर पूर्वीसारखी करा. टीव्हीवरची तीच ती दृश्यं बंद करा.

आणि खरं सांगा. पाच-सहा वर्षांच्या आतल्या मुलाला मृत्यू म्हणजे कायमचं जाणं हे उमगत नाही. ‘देवाघरी गेला’, ‘झोपला’ म्हटलं तर तो परत कधी येणार असं ते विचारतं, किंवा स्वतः झोपायला घाबरतं. ‘त्याचं शरीर थांबलं, तो आता परत येणार नाही, आपल्याला त्याची आठवण येणार’ एवढं पुरे. मूल दहा मिनिटं रडतं आणि मग क्रिकेट खेळायला पळतं, तेव्हा त्याला काही वाटत नाही असं समजू नये. मुलं दुःख तुकड्यातुकड्यांनी सोसतात. महिना उलटूनही झोप परतली नाही, शाळा नको झाली, मूल गप्प गप्प राहिलं, तर तज्ज्ञांकडे न्यावं.

बोलायचं कसं, हा बहुतेक पालकांचा खरा अडसर असतो. समोरासमोर बसून ‘बोल, काय प्रॉब्लेम आहे तुझा’ म्हटलं की पंधरा वर्षांचं मूल भिंत होतं. काम करताना, भाजी निवडताना, अ‍ॅक्टिव्हावर मागे बसलेलं असताना ते जास्त बोलतं, कारण नजर चुकवता येते. मांजलपूरकडे परतताना मागून आवाज येतो.

‘आई, मी क्लास सोडला तर?’

तोंडात आलेलं असतं, ‘फी भरलीये सगळी, आणि हे आत्ता सुचतंय तुला?’ ते गिळावं.

‘का रे, जड जातंय?’

‘जवा दे ना.’

‘बरं. पण मी ऐकतेय हं.’

सिग्नल जातो, दुसरा येतो. ‘तिथं टेस्टचे नंबर भिंतीवर लावतात. मी शेवटून तिसरा होतो. सगळे बघत होते.’

इथे सल्ला देऊ नये. इतर मुलांशी तुलना नको, ‘आमच्या वेळी’ तर मुळीच नको. ‘सगळ्यांसमोर असं लागलं की वाईट वाटणारच,’ एवढं वाक्य पुरतं. उपाय उद्या शोधता येतो. आज त्याला हे कळायला हवं, की शेवटून तिसरा आल्यावरही आई गाडी चालवत राहते आणि ऐकत राहते.

मूल ‘जगण्यात काही अर्थ नाही’ असं म्हणालं, हातावर जखमा दिसल्या, आवडत्या वस्तू वाटून टाकू लागलं, तर सरळ विचारावं: ‘मरून जावं असं मनात येतं का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, हे अभ्यासांतून दिसून आलं आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून हायसं वाटतं. त्या काळात मुलाला एकटं ठेवू नये, घरातली औषधं, कीटकनाशकं कुलपात ठेवावीत आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. १४४१६ हा ‘टेलिमानस’चा मोफत क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालू आहे; तिथे गुजरातीत आणि मराठीतही बोलता येतं. मुलांसाठी १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आहे.

भिंतीवर लावलेल्या त्या नंबरांविषयी आता कायद्याचीही बाजू आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ नं २०१० पासूनच शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी घातली आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सुकदेब साहा प्रकरणात त्यापुढे जाऊन देशभरातल्या शाळा, कॉलेजं आणि कोचिंग क्लासेससाठी निर्देश दिले. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक पात्र समुपदेशक हवा. मार्कांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नयेत, सगळ्यांसमोर लाज आणू नये. कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावं. पालकसभेत फीबद्दल विचारतो तसं हेही विचारायला हवं: समुपदेशक कोण, कोणत्या दिवशी असतात, मूल परवानगी न घेता त्यांच्याकडे जाऊ शकतं का?

समुपदेशक म्हणून कुणाला नेमावं यावर एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. गोव्यातल्या ‘संगाथ’ संस्थेनं बिहारच्या नालंदा जिल्ह्यात सत्तरहून जास्त सरकारी शाळांत ‘सेहर’ नावाचा कार्यक्रम राबवला. काही शाळांत तो खास नेमलेल्या, थोडंसं प्रशिक्षण घेतलेल्या सामान्य तरुणांनी चालवला, तर काही शाळांत तिथल्याच शिक्षकांनी. निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. तरुणांनी चालवलेल्या शाळांत वातावरण सुधारलं, दादागिरी कमी झाली, नैराश्याची लक्षणं घटली. शिक्षकांनी चालवलेल्या शाळांत फारसा फरक पडला नाही. शिक्षक वाईट होते असा याचा अर्थ नाही. त्यांच्या डोक्यावर अभ्यासक्रम असतो, मुलं त्यांना मार्क देणारे म्हणूनच ओळखतात. मन मोकळं करायला मार्क न देणारा माणूस लागतो. गणिताच्या बाईंकडेच समुपदेशनाचा तास सोपवून मोकळं होणाऱ्या शाळांनी हे जरूर वाचावं.

डॉक्टरकडे जायची वेळ आली तर घाबरण्याचं कारण नाही, पण कोण काय करतं ते माहीत असावं. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे मनोविकारात एमडी केलेले डॉक्टर; औषधं ते देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बोलण्याचे उपचार करतात आणि त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. ती विचारून घ्यावी. बडोद्यात सर सयाजीराव जनरल हॉस्पिटलमध्ये, म्हणजे एसएसजीत, मनोविकार विभाग आहे, आणि कारेलीबागेत सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे. सौम्य त्रासात आधी बोलण्याचे उपचार होतात. मध्यम ते तीव्र नैराश्यात फ्लुऑक्सेटीनसारखं औषधही देतात. त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि पहिल्या आठवड्यांत मुलाकडे जास्त लक्ष ठेवावं लागतं. बरं वाटलं म्हणून घरच्या घरी बंद करू नये.

पहिल्या भेटीत डॉक्टर आधी आईबाबांशी बोलतात आणि मग तुम्हाला बाहेर बसायला सांगून मुलाशी एकट्याशी बोलतात. बाहेर बसावं. आतलं बोलणं नंतर खोदून विचारू नये. जिवाला धोका असेल तर डॉक्टर ते तुम्हाला सांगतातच. जाताना गेल्या दोन आठवड्यांतली झोपेची वेळ, जेवण, शाळा बुडालेले दिवस आणि मूल कधी हसलं हे कागदावर लिहून न्या. आणि डॉक्टरांशी मुलाचं जुळलं नाही असं दोन-तीन भेटींनंतर दिसलं, तर त्याला विचारून दुसरे शोधा.